साठ महिन्यांची ओळख

पेठ्यांनी मला फसवलं. वजनमापे खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या लबाड्या पकडणाऱ्या माणसाने माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून, माझाच चहा पीत मला दोन महिने फसवलं. आणि मी कोण, तर डगमगतं टेबल 'हलकं आहे, सरकवायला बरं' म्हणून विकलेला माणूस.

दिगंबर पेठे बोळिंजमध्ये आमच्या मागच्या इमारतीत राहत. ती इमारत उभी राहिली तेव्हा आजूबाजूला नुसती भातशेती होती म्हणे. पेठे बाजारात खिशातून स्प्रिंगचा काटा घेऊन जात. भाजीवालीने पाव किलोवर एक वांगं जास्त टाकलं तर ते परत करत. "पाव किलो म्हणजे पाव किलो. अंदाजे काही नको."

"एक वांगा जास्ती खाल्ला तं मरनार नाय तुमी, काका!" ती ओरडायची. काका ते वांगं तिच्या टोपलीत नीट देठ वर करून ठेवायचे.

अशा माणसाकडे मी आपल्या पायांनी गेलो. नव्वदीतली गोष्ट. मी साताऱ्याकडून आलेला. मुंबईत आधी कपाटं पाठीवरून वाहिली, मग हातगाडीवरून, आणि शेवटी मुंबईबाहेर बोळिंजला जुन्या फर्निचरचं दुकान टाकलं. नवे फ्लॅट घेतलेल्या लोकांना नवं फर्निचर परवडत नसे, त्यामुळे धंदा झकास. पण जुन्या मालाला नगरपरिषदेचा परवाना लागायचा आणि परवान्याआधी चौकशी. माल चोरीचा नसतो कशावरून? विकणारा चोर नसतो कशावरून? म्हणून अर्जासोबत दोन दाखले हवेत: अर्जदाराला किमान पाच वर्षं ओळखणाऱ्या आणि इथे दहा वर्षं राहिलेल्या प्रतिष्ठितांचे.

हा नियम करणाऱ्याचे पाय धुवावेत. आमच्या वस्तीत शेजाऱ्याला शेजारी दोन वर्षांपूर्वी भेटलेला. मलाच इथे येऊन दोन वर्षं होत होती. पाच वर्षांची ओळख कुठून आणायची, वखारीतून? गावातली जुनी घरं होती, पण गटारावरून माझं त्या सगळ्यांशी वाजलेलं. एक दाखला डॉक्टरांनी दिला. त्यांनी माझं नावसुद्धा दाखल्यासाठीच विचारलं. दुसऱ्याला उरले इथे दहा वर्षं पुरी केलेले पेठे.

"मी तुम्हाला एक वर्ष दहा महिने ओळखतो," ते म्हणाले. "पाच कसं लिहू?"

"काका, सगळेच लिहितात."

"सगळ्यांचं मला सांगू नका, कदम." त्यांनी पेन्सिलीने कपाळ खाजवलं. "एक करता येईल. ओळख भरून काढू. मागच्या पाच वर्षांचे महिने साठ. रोज एक महिना सांगायचा. मी लिहून घेईन. साठ दिवसांत मी तुम्हाला पाच वर्षं ओळखत असेन."

मी भाव पाडायला बघितलं. "रोज चार महिने घ्या. पंधरा दिवसांत संपवू."

"घासाघीस नाही. आणि दाखला मी स्वतः कचेरीत देणार. चारित्र्याचा कागद अर्जदाराच्या हातात देत नसतात."

दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला पेठे दुकानात हजर. विकायच्या खुर्च्यांपैकी एक निवडायची, बसायचं, डायरी उघडायची. "जून. घरी कोण कोण होतं?"

प्रत्येक महिन्याचा पहिला प्रश्न हाच. मग जेवायला काय होतं, कोणाशी भांडलात, का भांडलात. पहिल्या दिवशी मी भडकलो. "परवाना फर्निचरचा आहे! बायकोने भरली वांगी केली की नाही याचा काय संबंध?"

"केली होती का? नक्की सांगा. अंदाजे बोलू नका."

त्यात गिऱ्हाईक आलं की सत्यानाश. कोणी विचारायचं, "खुर्ची मजबूत आहे ना?" मी हो म्हणायच्या आत पेठे खुर्चीवरून उठून सांगत, "मागचा डावा पाय नवीन आहे. बाकीचे तीन मूळचे." गिऱ्हाईक त्यांचे आभार मानून जायचं. माझे नाही. आणि मला ओरडायचीही सोय नव्हती, कारण ओरडलो की पेन्सिल हलायची. दोन महिने मी इतका गोड बोललो की बायकोने, मंगलने, विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

एका महिन्यापाशी मात्र मी अडलो. तिसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर. तो मी गाळला आणि डिसेंबरवर उडी मारली.

"नोव्हेंबर राहिला," पेठे म्हणाले.

मग रोज उठताना तेच. "नोव्हेंबर राहिला, कदम." त्या नोव्हेंबरात मी एका दलालाच्या कानाखाली आवाज काढला होता आणि एक रात्र पोलीस ठाण्यात काढली होती. दलालाने सकाळी तक्रार मागे घेतली, कागद झाला नाही. पण वांगं परत करणारा माणूस हे ऐकून दाखला देईल? परवाना गेला म्हणजे दुकान गेलं. पुन्हा कपाट पाठीवर घ्यायचं माझं वय राहिलं नव्हतं.

पंचावन्नाव्या दिवशी मात्र मीच वैतागलो आणि सगळं सांगून टाकलं. घरी कोण कोण होतं तेही सांगितलं. मंगल आणि तापाने फणफणलेली धाकटी लेक, आणि मी आत.

पेठ्यांनी काही लिहिलं नाही. "पेन्सिलीचं टोक गेलं," म्हणाले, आणि गेले. टोक मला दिसत होतं. शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी पेठे आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. म्हटलं, झालं, म्हातारा कचेरीत जाऊन सगळं वजन करून सांगून आला. शटर ओढलं आणि तडक नगरपरिषद गाठली. कारकुनाला म्हटलं, का नामंजूर केलंय ते तोंडावर सांगा.

"कदम ना? तुमचा परवाना कधीचा तयार आहे," तो म्हणाला. "न्यायला येईना कोणी."

फाइलमध्ये पेठ्यांचा दाखला होता. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख. 'श्री. कदम यांना मी पाच वर्षांहून अधिक काळ जवळून ओळखतो. मनुष्य तापट, परंतु सचोटीचा.'

पंचावन्न दिवस! फुकट गेलेली गिऱ्हाइकं आठवत मी त्यांचा जिना चढलो. दार ठोठावलं नाही, बडवलं. पेठ्यांनी दार उघडलं. गळ्याला मफलर, डोळे लाल.

"दाखला सुरुवातीलाच दिला होतात! मग हे काय नाटक?"

"ताप आहे. आत येऊन ओरडा," ते म्हणाले. मग हळूच, "खोटं लिहिलं होतं, कदम. आयुष्यात पहिल्यांदा. मग ते खरं नको का करायला?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे, चांगलं जिव्हारी लागणारं. पण माझा धंदा असा की कुठल्याही घरात गेलो तरी नजर आधी फर्निचरवर जाते. सागवानी टेबल, सहा जणांचं. सहा खुर्च्या. पाचांचं रेक्झिन कोरं करकरीत, बैठकीवर घडीसुद्धा पडलेली नाही. सहावीचं झिजून आतला काथ्या दिसत होता. तिच्यासमोर एक ताट, एक वाटी, आणि शेजारी स्प्रिंगचा काटा.

मी पाचांतली एक ओढली. पाय फरशीवर खरडले, तेव्हा पेठे आतल्या खोलीकडे वळून बघू लागले, जणू तिकडून कोणी उठून येणार आहे.

"रोज चारला का येत होतात, ते पूर्ण खरं नाही सांगितलंत," मी म्हणालो.

"अंदाजे..."

"अंदाजे बोलू नका! मी पंचावन्न दिवस जबाब दिलाय. आता तुम्ही द्यायचा. साठच्या साठ महिन्यांचा. घासाघीस नाही." मी टेबलावरची त्यांची डायरी ओढून कोरं पान काढलं आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. ती द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"जून," मी म्हणालो. "घरी कोण कोण होतं?"