कमठोबाची नगरफेरी

मुलांनो, एका जंगलात एक नगर होतं. जंगलात नगर कसं, असं विचारू नका. तुमच्या नगरात जंगल उरलंय का, असं मी विचारतो का? मग झालं तर.

नगराचं नाव जांभूळपेठ. होतं अगदी चिमुकलं. एका टोकाला कोणी शिंकलं, की दुसऱ्या टोकाला कामाला निघालेला प्राणी अपशकुन झाला म्हणून घरात परत जायचा.

पाहुण्यांना नगर दाखवायचं काम कमठोबा कासवाकडे होतं. कमठोबाचं चालणं हळू आणि बोलणं लांब. सकाळी निघाला की दिवेलागणीला परत यायचा. आलेले पाहुणे खूश होऊन जायचे. पण यायचे मोजकेच. कासवाच्या मागे चालायला हौसेने कोण येतो?

नगराध्यक्षा होत्या घोरपडबाई. खुर्चीला एकदा चिकटल्या त्या चिकटल्याच. त्यांनी ठरवलं, आता जांभूळपेठेनेही पुढे जायचं. त्यांनी विजेच्या सायकली आणल्या. बटण दाबलं की पळणाऱ्या.

"कमठोबा, तुम्ही पुढे, पाहुणे मागे," त्या म्हणाल्या. "एकदम झुम्म!"

खरं सांगू? कमठोबाला फार आनंद झाला. उभ्या जन्मात त्याच्या मानेला असा वारा लागला नव्हता.

पाहुणेही झुंडीने येऊ लागले. पण गंमत अशी झाली, की कमठोबा "हे आमचं..." म्हणायचा आणि "तळं" म्हणेपर्यंत तळं मागे पडायचं. "या पिंपळाखाली..." म्हणायचा, तोवर पिंपळ गेलेला असायचा. तिसऱ्या वाक्याला नगराची वेस यायची. पाहुणे हेल्मेट काढून म्हणायचे, "एवढंच?"

हे 'एवढंच' कमठोबाच्या पाठीला लागायचं. पाठ तशी चांगली टणक होती. तरी लागायचं.

मग बातमी आली, की राजधानीच्या जंगलातून अस्वलराव येणार. कुठलं नगर पाहण्यासारखं आणि कुठलं नाही, हे ठरवायचा शिक्का त्यांच्याकडे होता.

घोरपडबाईंनी कमठोबाला बोलावून घेतलं.

"हे बघा, ते जर 'एवढंच' म्हणाले, तर फेरी बंद. पण काळजी करू नका, तुमची सोय मी केली आहे. देवळासमोरचं दगडी कासव झिजलंय. त्याच्या जागी तुम्हाला बसवू. नोकरी कायमची."

"आणि बोलायचं कधी?"

"दगडी कासव बोलतं का कधी? लोक नमस्कार करतील आणि पुढे जातील. केवढा मान!"

कमठोबाने मान आत ओढून घेतली. अस्वलराव येईपर्यंत ती बाहेर काढली नाही. बिचाऱ्याला मरणाची भीती नव्हती, गप्प बसण्याची होती.

अस्वलराव आले. आता जांभूळपेठेची एक रीत होती. पाहुणा कोणीही असो, त्याची मिरवणूक निघालीच पाहिजे. तो नको म्हणाला तर जास्तच मोठी. मिरवणुकीला कर्णे हवेत, रंगीत दिव्यांच्या माळा हव्यात. पण नगरातली वीज नेहमीप्रमाणे नेमकी गेलेली. घोरपडबाईंची नजर सायकलींवर पडली. झालं, कर्णे आणि माळा सायकलींच्या बॅटऱ्यांना जोडल्या.

मिरवणूक झोकात निघाली. घोरपडबाई स्वतः नाचल्या, खुर्चीसकट.

मग अस्वलराव सायकलवर बसले. बटण दाबलं. सायकल गप्प. दुसरी आणली, तीही गप्प. पायडल मारून पाहिलं, पण मुळात सायकल जड, त्यात अस्वलराव जड.

"बटण जरा जोरात दाबा!" घोरपडबाई ओरडल्या.

कमठोबाला समोर देऊळ दिसायला लागलं. कसाबसा आवाज काढून तो म्हणाला, "साहेब, ढकलत न्यायची का?"

अस्वलराव गुरगुरले. पण नगर पाहिल्याशिवाय शिक्क्याचा निकाल लागत नव्हता. निघाले सायकल ढकलत, कमठोबाच्या चालीने.

पहिल्याच दारात सुगरणबाई उभ्या. "अहो भाऊ, दारावरून तसेच चाललात? घोटभर पाणी तरी घ्या."

पाण्याबरोबर गूळ आला. गुळामागून चौकशी आली. "कुठले म्हणायचे तुम्ही? आंबेखोऱ्याचे? म्हणजे करवंदीच्या जाळीतल्या भालूबाई तुमच्या कोण?"

"सख्खी आत्या!" अस्वलराव उडालेच.

"अगबाई, मग तुम्ही घरचेच की! बसा, मध आणते."

पुढच्या दारात कोणी जांभळं दिली. त्याच्या पुढच्या दारात तर जेवायलाच बसवलं. मध्ये द्राक्षाची वेल लागली. "साहेब, ही आंबट असल्याची अफवा एका कोल्ह्याने उठवली होती," कमठोबा म्हणाला, "खाऊन बघा." द्राक्षं गोड निघाली. पिंपळ आला. कमठोबाने "या पिंपळाखाली..." असं वाक्य सुरू केलं आणि, किती दिवसांनी, ते पुरं केलं. त्याचे डोळे भरून आले.

ऊन उतरलं तेव्हा अस्वलरावांनी घाम पुसत विचारलं, "आता किती राहिलं?"

"निम्मं असेल, साहेब."

"निम्मं?" अस्वलराव मटकन खाली बसले. "केवढं अवाढव्य नगर हे! दिवसभर फिरूनसुद्धा संपत नाही!"

त्यांनी तिथल्या तिथे शिक्का मारला आणि उरलेलं बघायला मुक्काम ठोकला.

कमठोबा धावत, म्हणजे त्याच्या मानाने धावत, घोरपडबाईंकडे गेला. "बाई, कळलं! सायकली काढून टाकू. पाहुण्यांना आपले पायीच नेऊ."

घोरपडबाई हसल्या. "पायी फिरायला किती जण यायचे, आठवतं ना? सायकली राहतील. चार्जर तेवढे माझ्या खुर्चीखाली राहतील."

तिथून ते काढायची कोणाची छाती होती?

आजही जांभूळपेठेत पाहुण्यांची रीघ असते. ते हेल्मेट घालतात, विजेची सायकल ढकलत दिवसभर हिंडतात आणि खूश होऊन जातात. शेवटचा थांबा देवळाचा. तिथे कमठोबा झिजलेल्या दगडी कासवाची गोष्ट सांगतो. ती सगळ्यांत लांबलचक आहे.

तात्पर्य: नगर कधीच लहान नसतं, बॅटरी मोठी असते. म्हणून मुलांनो, हळू चालणाऱ्याने वेगवान वाहन जरूर घ्यावं आणि ते ढकलत न्यावं. नुसत्या पायी चालणाऱ्याच्या मागे कोणी येत नाही.