नाल्यावरचं कोपनहेगन

सहलीचा बेत आखावा तर आमच्या ह्यांनीच! हे मी आजही छातीठोकपणे सांगते. लग्नानंतर माथेरानला गेलो तेव्हा कुठल्या पॉइंटवर, कुठल्या दगडावर बसून डबा खायचा, हेसुद्धा यांनी घरूनच ठरवून नेलं होतं. त्या दगडावर आधीच एक माकड बसलेलं निघालं, त्याला बेत काय करणार!

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आम्ही बोरिवलीला राहत होतो. हे एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. आमची लेक सुलक्षणा लंडनला. तिच्याकडे जायचं ठरलं आणि तिकीटवाल्याने सांगितलं, येताना त्याच तिकिटावर दोन दिवस कोपनहेगनला उतरता येईल.

मी हरखलेच! आमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी दिलेलं एक परदेशी कॅलेंडर होतं. त्याच्या मे महिन्याच्या पानावर कोपनहेगनचं बंदर होतं. निळं पाणी, शिडाच्या होड्या, काठाला लाल-पिवळी घरं. वर्ष संपलं तरी मी ते पान उलटलं नाही. आमच्या घरात सहा वर्षं मे महिनाच चालू होता! फोडणीचा ठसका लागला, की मी मनाने त्या बंदरावर जाऊन उभी राहायचे. लेकीसमोर बोलले नाही, पण लंडनपेक्षा मला ते बंदर बघायचं होतं.

अडचण एकच. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर साहेबांचा ‘ना हरकत’ दाखला लागायचा, आणि तो अजून सहीवाचून पडला होता.

“सही होईल गं,” हे म्हणाले. “खरा प्रश्न वेगळाच आहे. दिवस दोन आणि बघायचं एवढं! तालीम केल्याशिवाय जमायचं नाही.”

“कसली तालीम?”

“कोपनहेगनची.”

“कुठे?”

“बोरिवलीत!”

यांनी ट्रेसिंग पेपरवर अख्खं कोपनहेगन उतरवून काढलं आणि तो कागद बोरिवलीच्या नकाशावर ठेवला. तिथला टाउन हॉल आला आमच्या स्टेशनवर. राजवाडा आला पिठाच्या गिरणीवर. “आणि कागद जरा असा फिरवला,” हे विजयी मुद्रेने म्हणाले, “की तुझं बंदर बरोबर नाल्यावर बसतं!” राहता राहिला जलपरीचा पुतळा. तो गावठाणात सिसिलियाबाईंच्या विहिरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आमचं कोपनहेगन सुरू झालं. हे गळ्यात पाटी अडकवून, तिच्यावर नकाशा लावून, कानावर पेन्सिल ठेवून चालायचे. मला पुढच्या कोपऱ्यावर पाठवायचे. “तिथे छत्री उभी धर! हलवू नकोस!” मग एक डोळा मिटून छत्रीकडे बघायचे आणि कागदावर खूण करायचे. भर मे महिन्यात मी रस्त्याच्या मधोमध, मिटलेली छत्री धरून, चौकातल्या पुतळ्यासारखी उभी!

काशीरामच्या वाणसामानाच्या दुकानाशी आम्ही रोज थांबायचो. कोकणातला कष्टाळू माणूस. फक्त त्याचं दुकान दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकत होतं. आधी फळी, मग पत्रा, मग गटारावर लादी.

“हा सगळा पट्टा नुसता पायी चालायचा,” हे मला समजावत होते. “इथे गाड्या नाहीत. आणि दुकानं मी काढून टाकली आहेत.”

“सगळी?” मी हिरमुसले. म्हटलं, शेजारच्या बायकांसाठी काही घ्यायला नको का?

“एकसुद्धा ठेवलेलं नाही. वेळच नाही!”

काशीरामच्या हातातलं तराजू तसंच लोंबकळत राहिलं.

त्याच संध्याकाळी तो हापूसची पेटी घेऊन दारात हजर! “श्यामभाऊनू, गावचे आंबे. आमच्याकडे वायच बघा हां!”

“अहो, एवढं कशाला!” यांना गहिवरून आलं. “बघतो ना! येताना तुमच्यासाठी नक्की काहीतरी करतो.” दार लावून मला म्हणाले, “बघ नलिनी, आपण परदेशी निघालो तर परक्या माणसाला केवढा आनंद!”

मग आनंदाची लाटच आली. शिंप्याने मला दोन ब्लाउज शिवून दिले, मापं न घेता. गिरणीवाल्याने दळण फुकट केलं. शेजारची प्रेमा तेवढी म्हणाली, “काय गं, तुमचं हे कसलं मोजमाप चाललंय? लोक काय काय बोलतायत!”

“जळतात मेले,” मी म्हटलं.

सिसिलियाबाईंकडे मात्र गंमतच झाली. हे थेट विहिरीच्या कट्ट्यावर चढले आणि म्हणाले, “जलपरी इथे. फोटो काढायचा की पुढे!”

सिसिलियाबाई ओट्यावरून धावत आल्या. “काय गो बाय, फोटो कशाला? आमची विहीर कुनाच्या मधे येते?”

“मधे नाही हो, अगदी शेवटाला येते,” हे प्रेमाने म्हणाले. “इथेच आमचं काम संपतं.”

बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि आत जाऊन घरच्या मसाल्याची बाटली आणून माझ्या हातात कोंबली. मी ती घेतली. सुगंधी मसाला होता हो! आणि मला तरी काय ठाऊक, की अख्ख्या रस्त्यावर रुंदीकरणाची बातमी पसरली आहे, श्यामकांत नावाचा सरकारी माणूस बायकोला घेऊन मापं घेतोय आणि दोघं मिळून पेट्या खातायत!

कचेरीत निनावी तक्रार गेली. दाखल्यावरची सही थांबली. विमानाला आठवडा उरलेला. मी कॅलेंडरकडे पाहायचं सोडून दिलं. फोडणी दिली, की डोळ्यांत नुसतं पाणी!

रविवारी सकाळी साहेब स्वतः घरी आले. ते राहायला बोरिवलीतच, पूर्वेला. चेहरा असा, की दारावरचं तोरणसुद्धा कोमेजावं. मी घाईघाईने वाटीभर आमरस पुढे केला. घरात दुसरं होतं काय? साहेबांनी एक चमचा तोंडात घातला. चेहरा जरा सैलावला.

“उत्तम आंबा आहे. कुठून आणलात?”

“लोकांनी प्रेमाने दिला, सर,” हे म्हणाले.

तेवढ्यात खालून आरोळी आली. “रुंदीकरण रद्द करा!” आणि तिच्यामागोमाग काशीरामचा खणखणीत आवाज, “नायतर आमचो आंबो परत करा!”

साहेबांचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग यांच्याकडे. मग माझ्याकडे.

गॅलरीतून पाहिलं तर निम्मं मार्केट खाली उभं! सिसिलियाबाई सगळ्यांत पुढे. घाम फुटलेल्या यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेब वाकून बघत राहिले.

“हा नाला एवढा रुंद का दाखवलाय?”

“ते बंदर आहे, सर. हिला बघायचंय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाशी धरून उभी होते. बोलायला गेले असते तर रडूच फुटलं असतं. साहेब तडक गॅलरीत गेले.

“मंडळी, ऐका! हा बोरिवलीचा नकाशा नाही. कोपनहेगनचा आहे!”

खालून काशीराम म्हणाला, “साहेब, आम्ही काय येडे दिसलो? कोपनहेगनाक जावचा तर विमानात बसतत. माझ्या दुकानासमोर छत्री घेवन कोण उभो रवता?”

खरं सांगते, त्याचं म्हणणं मलाही पटलं.

साहेब पुन्हा पुन्हा सांगत होते आणि माणसं पुन्हा पुन्हा ओरडत होती. शेवटी साहेब कंटाळले. खाली बसले, आणि लिहून दिलं, की या रस्त्याच्या रुंदीकरणाची कोणतीही योजना नाही आणि अशा योजनेला ही कचेरी कधीही शिफारस करणार नाही. “शिक्को पण व्हयो!” खालून मागणी आली. तो दुसऱ्या दिवशी कचेरीत मारून देण्यात आला.

त्याच शिक्क्याने आमचा दाखलाही मंजूर झाला. साहेब म्हणाले, “श्यामकांत, जा. लवकर जा. आणि जे काय मोजायचं ते तिकडेच मोजून या!”

आम्ही गेलो. बंदर कॅलेंडरपेक्षाही सुंदर होतं. काठावर बसले आणि मला रडूच कोसळलं. हे घड्याळ बघून म्हणाले, “अगं, रडायला आपण वेळ ठेवलेला नाही!” मी तरीही रडून घेतलं. राजवाडा चुकला.

काशीरामने साहेबांचा तो शिक्क्याचा कागद काचेत घालून दुकानात गणपतीशेजारी लावला. पुढे काही वर्षांनी रस्ता रुंद करायला खरीखुरी माणसं आली. साखळ्या, फिती, सगळा सरंजाम घेऊन! काशीरामने ती तसबीर काढून त्यांच्या नाकासमोर धरली. पाठीमागे सगळं मार्केट उभं राहिलं. माणसं परत गेली, ती पुन्हा आली नाहीत.

परवा आमची सून त्याच रस्त्यावर रिक्षात अडकून, घामाने निथळत घरी आली. पर्स खुर्चीवर आपटून म्हणाली, “आई, हा रस्ता इतका अरुंद ठेवणारा माणूस एकदा मला भेटायलाच हवा!”

हे समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

मी म्हटलं, “पन्हं घेतेस?”