हेडक्लार्क मॉडेल होतात

बायकोला चित्रकलेच्या क्लासला घालायची कल्पना खुद्द हेडक्लार्कांचीच, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुलगी शिकायला परगावी गेली आणि घरात बायकोचं सगळं लक्ष एकट्या हेडक्लार्कांवर येऊन पडलं. ते किती वेळा खोकले, पेपर वाचून कुठे टाकला, बनियन उलटा घातलाय का, यातलं काही तिच्या नजरेतून सुटेना. जीव मेटाकुटीला आल्यावर त्यांनी स्वतः क्लासचा फॉर्म आणला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला. ('पतीची संमती' असा रकाना नव्हता, तेव्हा समासात संमती लिहून खाली सही केली.)

क्लास आठवड्यातून दोनदा. शनिवारी खोलीत माणूस समोर बसवून त्याचं चित्र काढायचं आणि रविवारी सकाळी बाहेर जाऊन झाडं, पाणी, आभाळ रंगवायचं. पहिले दोन महिने नवशिकी म्हणून बायको तांब्या, छत्री, फाटका बूट अशा वस्तू काढत होती. हेडक्लार्क पेपरातून डोकं वर न काढता "छान" म्हणायचे आणि सुखात होते.

तिसऱ्या महिन्यात चष्मा शोधताना त्यांनी तिची मोठी वही उचलली. आत पाठी होत्या. एकूण बावीस, आणि सगळ्या एकाच पुरुषाच्या. रुंद खांदे, मधोमध कण्याची खोल रेघ आणि शर्टाचा कुठेही पत्ता नाही. शेवटच्या पाठीवर तर बायकोने बोटाने शेडिंग केलं होतं. कोळशाचे बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

"हा कोण?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"मॉडेल आहेत आमचे."

"याला तोंड नाही वाटतं?"

"आहे की. पण माझी जागा मागे आहे ना."

"बदलून घे."

"कशाला? सगळे त्याच जागेसाठी भांडतात."

त्या अनोळखी इसमाचं हेडक्लार्कांनी मनातल्या मनात 'पाठवाला' असं नाव ठेवलं आणि बाथरूममध्ये शिरून दोन आरसे समोरासमोर धरून स्वतःची पाठ तपासली. पाठ होती. त्यापलीकडे तिच्याबद्दल काही बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात बायको दारात आली.

"काय शोधताय?"

"काही नाही. खाज येतेय."

तिने पावडरचा डबा आणला, पाठीवर भसाभसा पावडर शिंपडली आणि शेडिंग वगैरे काही न करता निघून गेली.

रविवारी हेडक्लार्क तिच्या मागोमाग तळ्याकाठी गेले आणि एका झाडाआड उभे राहिले. (ऑफिसात हजेरीपुस्तकावर नजर ठेवायची सवय अशी उपयोगी पडते.) बायको स्टँडवर कागद लावून उभी होती. समोर तळ्याच्या कठड्यावर, तिच्याकडे पाठ करून एक माणूस पेपर वाचत बसला होता. अंगात शर्ट असला तरी ती पाठ हेडक्लार्कांनी गर्दीतसुद्धा ओळखली असती. तिचा बावीस वेळा अभ्यास झाला होता.

बायकोने त्या दिशेला पाहिलं आणि डोळे बारीक केले. असे अर्धवट मिटलेले डोळे हेडक्लार्कांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा पाहिले होते, पण तेव्हा तिच्या डोळ्यांत कचरा गेला होता. मग तिने हात लांब केला, एक डोळा पुरता मिटला आणि अंगठा वर केला.

हेडक्लार्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. भर सकाळी, चारचौघांत डोळा मारायचा आणि वर अंगठा दाखवायचा म्हणजे झालं तरी काय? ते तरातरा गेले आणि पाठवाल्याच्या मागे, दोघांच्या बरोबर मधे, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"ओ काका," लांबून बायकोचा आवाज आला, "जरा बाजूला होता का? झाड झाकतंय."

हेडक्लार्क हलले नाहीत.

"काका, ऐकू येतंय ना?"

बावीस वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या बायकोने काका म्हणावं, हे त्यांना फार लागलं. ते जवळ गेले तेव्हा कुठे तिने डोळे पूर्ण उघडले.

"अय्या, तुम्ही? डोळे बारीक केल्यावर माणसं ओळखू येत नाहीत हो. नुसता उजेड आणि सावली दिसते. तुमचा नुसता काळा डाग दिसत होता."

"आणि अंगठा?"

"झाडाची उंची मोजत होते. पेन्सिल धरून अंगठ्याने माप घेतात."

पाठवाला पेपरची घडी करून जवळ आला, अतिशय अदबीने नमस्कार करून पुन्हा जाऊन बसला. पुढूनही तो बरा होता. हेडक्लार्कांना आता स्वतःलाच कळलं की आपल्याला त्याच्या खांद्यांचा राग नव्हताच. राग होता तो वेगळाच, आणि तो तोंडातून बाहेर पडला.

"त्याच्याकडे दर शनिवारी तासभर बघतेस. माझ्याकडे कधी सलग वीस मिनिटं तरी बघितलंस?"

"तुम्ही कधी सलग वीस मिनिटं गप्प बसलात?"

त्याच क्षणी हेडक्लार्कांनी ठरवलं. पुढच्या शनिवारी पाठवाला लग्नाला जाणार असल्याने क्लासच्या सरांनाही माणूस हवाच होता.

शनिवारी हेडक्लार्क पडद्याआड शर्ट काढत असताना सर क्लासला काहीतरी समजावून सांगत होते. यांचं लक्ष बटणांकडे होतं. बाहेर येऊन ते स्टुलावर बसले, एक हात कमरेवर ठेवला, पोट आत ओढलं आणि तोंड बरोबर बायकोसमोर येईल असं वळवलं.

आणि बायको पाहू लागली. खरोखर पाहू लागली. भुवया आक्रसून, श्वास रोखून, कानाजवळ, मानेजवळ, कोपराजवळ. इतक्या बारकाईने तिने त्यांच्याकडे मुलगी दाखवायच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. नाकावर माशी बसली, तिला त्यांनी बसू दिलं. डावा पाय बधिर झाला, त्याला होऊ दिलं. तासभर हेडक्लार्क आनंदाने आतल्या आत विरघळत होते. पाठवाला आता जन्मभर लग्नं खात फिरला तरी त्यांची हरकत नव्हती.

वेळ संपताच ते लंगडत बायकोच्या कागदापाशी गेले. खिडकी होती, पडद्याच्या चुण्या होत्या, मागची भिंत होती, स्टुलाच्या पायांमधली फरशी होती. सगळं कोळशाने सुरेख रंगवलेलं. मधोमध हेडक्लार्कांच्या आकाराचा पांढरा कोरा कागद होता.

"मी कुठाय?"

"आज माणूस काढायचाच नव्हता," बायको म्हणाली. "माणसाभोवतीची रिकामी जागा काढायची होती. सरांनी बजावलं होतं, मॉडेलकडे चुकूनसुद्धा बघायचं नाही."

"मग तू तासभर काय बघत होतीस?"

"तुमच्या कोपरातून मागची खिडकी काय सुंदर दिसते हो."

सर येऊन हेडक्लार्कांचा हात हातात घेऊन म्हणाले, "या सरावाला असा मॉडेल मिळत नाही. अगदी नसल्यासारखे बसलात."

घरी आल्यावर हेडक्लार्क पेपर उलटा धरून बसले. तेव्हा मात्र बायकोला खरंच वाईट वाटलं. तिने चित्र टेबलावर पसरलं, त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "बसा तसेच. आता भरते तुम्हाला आत."

हेडक्लार्क बसले. तिने कोळसा उचलला आणि त्यांच्याकडे पाहिलं. कपाळापासून गुडघ्यापर्यंत, सावकाश, एकटक, चांगली पाच मिनिटं. त्यांनी पुन्हा पोट आत ओढलं. मग तिने एकवार चित्राकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं आणि कोळसा खाली ठेवला.

"काय झालं?"

"राहू दे हो," ती हळूच म्हणाली. "छान झालंय, उगाच बिघडेल."