आप्पा साळवींची मूळ मंजिरी

पहिल्या रांगेतलं तिकीट काढायचं आणि नायिका गायला लागली की उठून बाहेर जायचं, असा प्रेक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. आप्पा साळवी. बरं, उठायचं तेही गुपचूप नाही. पेटीवाल्यानं सूर धरला की आप्पा टोपी सारखी करणार, खुर्ची कर्रकन मागे सारणार आणि अख्ख्या रांगेचे पाय तुडवत कनातीच्या दाराकडे चालू लागणार. पद संपून टाळ्या पडल्या की त्याच पायांवरून परत. संगीत नाटकात पदांना काय तोटा? महाडच्या मैदानावर 'संगीत वनमंजिरी' लागलं की पहिल्या रांगेतली जाणती मंडळी पाय खुर्चीखाली घेऊनच बसायची.

मी तेव्हा बिरवाडीच्या बँकेत नवा लागलो होतो आणि महाडात आप्पांच्या शेजारी दोन खोल्या घेऊन राहत होतो. आप्पा एसटी स्टँडवर कंट्रोलर. माणूस मूळचा तुडीलचा, पण स्टँडवर इतकी वर्षं काढलेली की सगळ्या जगाकडे त्या खिडकीतूनच बघायचा. 'नोंद नाय' हा त्यांचा लाडका शब्द. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, तर आप्पा उभ्यानं पेढा तोंडात टाकत आणि म्हणत, "उभ्यानं खाल्लेल्याची नोंद नाय." बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, भांडण झालं की तीन-तीन दिवस बोलायचे नाहीत, पण भिंतीकडे बघून "मीठ कमी हाय" म्हणायचे. भिंतीशी बोललेलं धरायचं नाही.

त्यांचं खरं वेड म्हणजे 'मूळ मंजिरी'. हे नाटक पहिल्यांदा गाजलं ते इंदुबाईंमुळे. मंजिरीचं काम त्यांनी असं काही केलं होतं म्हणे, की पोलादपूरच्या प्रयोगाला घाट उतरून माणसं आली होती. मग एकाएकी इंदुबाई कंपनी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. इंदुबाई का गेल्या, याच्या जितक्या गाड्या तितक्या बातम्या. कुणी म्हणे घशाचं ऑपरेशन झालं, कुणी म्हणे दुसऱ्या अंकातल्या शालूवरून मालकाशी बिनसलं, कुणी म्हणे साखर कारखान्याच्या चेअरमनशी लग्न लागलं.

आप्पांच्या मते मात्र इंदुबाई परत येणार होत्या, आणि तेही दिवाळीपर्यंत. कुठल्या दिवाळीपर्यंत ते विचारायचं नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर आपल्या गाडीची नोंद करायला त्यांच्या खिडकीशी यायचा, आणि आप्पा शिक्का हातात धरून आधी विचारायचे, "कंपनीची बस कुठं दिसली काय? बाई होती काय आत?" ड्रायव्हरांनाही चहाची घाई. ते ठोकून देत. "पनवेलला दिसली की! पुढच्या शिटावर. गळ्याला मफलर होता."

"मफलर!" आप्पा माझ्याकडे वळून म्हणत. "आवाज जपते हाय. बँकवाले, तुमी बगाच आता."

एकदा तर त्यांनी कर्ण्यावरून पोलादपूर गाडी पुकारताना "लवकरच, मूळ संचात" असंही जोडून दिलं. दोन म्हाताऱ्या ते ऐकून त्या गाडीत बसल्याच नाहीत. त्यांना साधी गाडी हवी होती. आगारातून आप्पांना लेखी समज आली. ती त्यांनी उभ्यानं वाचली.

मी यावर खूप हसायचो. घरी एकदा काकू घावने घेऊन आल्या तेव्हा मी हसत म्हणालो, "काकू, त्या नव्या मंजिरीनं काय घोडं मारलंय आप्पांचं? चांगली गाते की बिचारी!"

काकूंनी ताटली खाली ठेवली. "तुमी नवीन, तुमाला कोण सांगनार," त्या म्हणाल्या. "ती आमची सुमन."

मग काकूंनी सगळं सांगितलं. सुमन त्यांची एकुलती एक लेक. आप्पांनीच तिला लहानपणी पेटीसमोर बसवून इंदुबाईंची पदं शिकवली होती, हौस म्हणून. गणपतीत ती गायली, कंपनीच्या व्यवस्थापकानं ऐकली, आणि इंदुबाई गेल्यावर कंपनीचा माणूस तिला न्यायलाच दारात आला. आप्पांनी साफ नाही म्हटलं. पोरगी ऐकेना. निघायच्या दिवशी ते तिला ओट्यावरून म्हणाले, "जा. पण नाटकात बसून तुझं एक पद मी ऐकनार नाय. शपथ हाय माझी." ती गेली. घरी कधी आली नाही. आता आप्पा इंदुबाईंची वाट बघत होते, कारण मूळ मंजिरी परत आली की नवीला काम उरणार नाही, आणि काम उरलं नाही की पोर घरी येईल.

त्यानंतर मला ड्रायव्हरांच्या थापा ऐकवेनात.

पुढच्या उन्हाळ्यात पोलादपूरला प्रयोग होता. आप्पा मला बरोबर घेऊन गेले, पहिल्याच रांगेत. सुमन रंगमंचावर आली, तिनं समोर पाहिलं, आणि वडील दिसल्यावर तिचा चेहरा क्षणभर उजळला. सूर लागला. आप्पा उठले. तिच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला पाहवलं नाही, म्हणून मीही त्यांच्यामागे बाहेर गेलो, चार शब्द सुनावायचेच या इराद्यानं.

चहाच्या टपरीवर आप्पा नव्हते. ते कनातीला वळसा घालून रंगमंचाच्या मागच्या बाजूला गेले होते. तिथे कापडाला कान लावून, डोळे मिटून उभे होते, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. सुमननं तान घेतली तशी त्यांनी मान डोलावली. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

टाळ्या पडल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि वरमले.

"आप्पा, ही शपथ मोडली की!" मी म्हणालो.

"कशी मोडली? नाटकात बसून ऐकनार नाय म्हटलं होतं. गाडी स्टँडात शिरली तर नोंद. बाहेरच्या बाहेर रस्त्यानं गेली तर आपल्याकडं नोंद नाय. हितं काय, वाटेनं जानारा पन ऐकतो."

"मग इथंच उभे राहा ना सुरुवातीपासून. पहिल्या रांगेचं तिकीट कशाला?"

"वा! बाप आलाय एवढं तिला कळायला नको?"

एवढा शहाणा माणूस. तिला नेमकं काय कळत होतं, हे मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोर माझी हाय. तिला समजतंय." तोवर पुढच्या पदाची पेटी सुरू झाली होती, आणि त्यांनी बोटानं मला गप्प केलं.

आणि मग एके वर्षी खरोखरच स्टँडच्या भिंतीवर जाहिरात लागली. 'लोकाग्रहास्तव! मूळ संचात! इंदुबाई पुन्हा मंजिरीच्या भूमिकेत!' आप्पांनी स्टँडभर पेढे वाटले. त्या दिवशी त्यांनी स्वतः बसून खाल्ला. काकूंनी आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकली, सुमनच्या ट्रंकेवरची भांडी उतरवली, भिंतीला चुना लावला. प्रयोगाच्या आधी आठवडाभर काकू रस्त्यावर रिक्षा थांबली की दाराशी यायच्या.

कुणी आलं नाही. आलं ते नाटक.

इंदुबाई अंगानं दुप्पट झाल्या होत्या. शालू तोच असावा, कारण तो आता जेमतेम पुरत होता आणि पदर पिनांनी ओढून बसवला होता. पण गळा! पहिल्याच पदाला मैदान उभं राहिलं. आप्पा खुर्चीतून हलले नाहीत. कशाला हलतील? बायका डोळे पुसत होत्या, माझ्याही अंगावर काटा आला. दुसऱ्या अंकात राणीवशाच्या प्रवेशात मंजिरीच्या मागे एक दासी पंखा घेऊन उभी होती. तिला दोनच वाक्यं होती. "होय बाईसाहेब" हे त्यातलं एक. आप्पांनी तिला ओळखलं तेव्हा त्यांचा हात माझ्या दंडावर आला, आणि नाटक संपेपर्यंत तसाच राहिला. इंदुबाईंचं एकही पद त्यांनी चुकवलं नाही आणि, मला वाटतं, एकही ऐकलं नाही.

सकाळी कंपनीची बस चहासाठी स्टँडसमोर थांबली. मी बिरवाडीच्या गाडीसाठी उभा होतो. आप्पा काकूंनी दिलेला डबा घेऊन बसच्या खिडकीशी गेले. सुमन आत बसली होती. मेकअपशिवाय ती अगदी काकूंसारखी दिसत होती.

"आई कशी आहे?" तिनं विचारलं.

"बरी हाय. घावने दिलेत." आप्पांनी डबा वर केला. "सुमे, घरी चल गो. खोली साफ केली हाय. पंखा काय, कोनपन धरंल."

"आत्ता नाही येता येणार, आप्पा. पुढे चिपळूणला प्रयोग आहे. बाईंचं वय झालंय, एखादे दिवशी बरं नसलं तर मंजिरी मलाच करायची आहे. तयार राहायला हवं."

म्हणजे आता ती वाट बघणार होती. आप्पांनी इतकी वर्षं जे मागितलं ते त्यांना मिळालं होतं, आणि त्यात पोरीचं गाणं तेवढं गेलं होतं. त्यांना ते उमगलं असावं. त्यांनी खिडकीचा गज धरला.

"ती बाई मोठी हाय," मग ते म्हणाले. "पन दुसऱ्या अंकातलं पद तुझ्यासारखं नाय म्हनत. तू शेवटच्या ओळीला थांबायचीस, ते तिला नाय जमत."

सुमननं डबा मांडीवर घेतला. ती रागावली नव्हती. नुसतंच, खूप जुनं काही विचारावं तसं तिनं विचारलं, "तुम्ही कधी ऐकलंत, आप्पा?"

मला वाटलं, आता सांगतील. पोलादपूरची कनात, महाडचं मैदान, सगळं सांगून टाकतील. मी मनातल्या मनात त्यांना पुढे ढकलत होतो. ओट्यावर उभं राहून घेतलेली शपथ एवढ्या वर्षांनी खाली ठेवायची कुठं, ते त्या भल्या माणसाला कळेना.

"लोक सांगतात," ते म्हणाले.

"हो का," सुमन म्हणाली. ड्रायव्हरनं गिअर टाकला. आप्पा गज धरून बसबरोबर थोडे चालले, मग बस वेगात आली आणि त्यांना हात सोडावा लागला.