शब्दाला जागलेला नर्गिस

"नव्या वर्षाच्या सणाला, टेटच्या पहिल्या सकाळी नर्गिस फुलला, तर या घरात अजून भाग्य आहे. मग मी इथंच मरणार. नाही फुलला, तर चला तुमच्या त्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये."

म्हाताऱ्या थिनने हे बायकोच्या तसबिरीपुढे, हातात पेटती उदबत्ती धरून जाहीर केलं. समोर मुलगा-सून, साक्षीला थोरला भाऊ क्वी. मग काय, संध्याकाळपर्यंत हनोईतल्या त्या अख्ख्या गल्लीला कळलं.

घर चार मजल्यांचं, अरुंद, खोलीवर खोली रचलेलं. देवघर सगळ्यात वर. मुलगा बाक त्या जिन्याला विटला होता. सून दिएप तर गेल्या वर्षी त्याच जिन्यावरून पडली होती आणि अजून कंबर धरून चालत होती.

नर्गिसाचा कांदा कोरण्यात थिनचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याने बारीक सुरीने पापुद्रे सोलले, पाती वळावीत म्हणून कडा तासल्या आणि कांदा पाण्याच्या वाडग्यात ठेवून देवघरात नेला. कोमट पाण्यात कळी घाई करते, गार पाण्यात अडून बसते. सणाची सकाळ गाठायची ती या दोन पाण्यांवरच.

बाकने विचार केला, फूल सणाआधीच उमलून सुकलं की सुटलो. कामावर जाण्याआधी तो थर्मास घेऊन वर जायचा, वाडगा रिकामा करायचा आणि गरम पाणी भरायचा.

"आईला चहा ठेवून येतो," तो बायकोला म्हणे.

"जिवंत होत्या तेव्हा कधी दिला नाहीत," दिएप म्हणे.

तिचा विचार उलटा. फूल उशिरा आलं की सुटलो. नवरा बाहेर पडला की ती कण्हत वर चढायची आणि वाडग्यात बर्फ टाकायची. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, तो बापापुढे दोन मिनिटांत सगळं ओकला असता. तिच्याही पोटात काही राहत नाही, अशी बाकची खात्री. इतकी वर्षं संसार करून एकमेकांची एवढीच काय ती ओळख.

कळ्या मिटलेल्या दिसल्या की बाक पाणी आणखी कढत करी. त्या टरारलेल्या दिसल्या की दिएप बर्फ वाढवी.

टेटच्या पहिल्या सकाळी घरात पहिलं पाऊल क्वीचं पडलं. नर्गिस भरभरून फुलला होता. वास पार जिन्यापर्यंत.

"थिन, भाग्य आहे रे घरात. आता इथून हलायचं नाव काढू नकोस."

"शब्द म्हणजे शब्द, दादा," थिन कोरडेपणाने म्हणाला.

क्वी खुशीत खाली गेला. वर तिघंच उरले. दिएपला रडू फुटलं.

"रोज बर्फ टाकला मी. तरी मेलं फुललं कसं?"

"बर्फ?" बाक म्हणाला. "अगं, मी रोज गरम पाणी ओतत होतो."

म्हातारा गुडघे चोळत खाली बसला. "गाढवांनो, मी पहिल्या दिवसानंतर त्याला थेंबभर पाणी घातलं नाही. म्हटलं, वाळून जाईल."

"म्हणजे तुम्हालाही जायचं होतं?" बाकने विचारलं.

"या गुडघ्यांनी रोज चार मजले चढून बघ एकदा."

"मग सरळ सांगायचं होतंत, बाबा."

"तुम्ही फ्लॅट ठरवून आलात आणि मला बातमी दिलीत. विचारलं कुणी?"

खाली क्वी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की आपला भाऊ आता हे घर काही सोडत नाही.