रामलिंगचा कोट फाटत नाही

कसबा बावड्याच्या हंबीररावांना फाटलेल्या शिकारी कोटाच्या बदल्यात नवा कोरा कोट मिळाला. असं काही घडलेलं नाही. कोट फाटलाच नाही, त्यामुळे तो बदलून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आणि ज्या रानडुकरानं तो फाडला ते रानडुक्कर बावड्याच्या हद्दीत कधी आलेलंच नाही. वाचकांनी पहिलं वाक्य वाचलं नाही असं धरून पुढं यावं.

माणसाचं शरीर नाशवंत आहे. कापडाचं तसं नाही. कापड चांगलं असलं आणि घालणारा घरात बसणारा असला, तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. या सत्याच्या पायावर कोल्हापुरातलं ‘रामलिंग शिकारी ड्रेसेस’ हे दुकान उभं आहे. थोरले रामलिंग निपाणीकडून शिवणयंत्र घेऊन आले तेव्हा माणसं खरोखर शिकारीला जात होती, आणि धंदा जेमतेम चालत होता. पुढं १९७२ साली शिकारीवर कायद्यानं बंदी आली. दुसऱ्या कुणाचं यात वाटोळं झालं असतं. रामलिंगच्या कोटाचा खप मात्र चौपट झाला. कारण सरळ आहे. बंदीआधी शिकारी म्हणवून घ्यायला शिकार करावी लागायची. बंदीनंतर कोट पुरला.

कोट खाकी, जाड, मांडीपर्यंत लांब. उजव्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता टेकायला चामड्याचं ठिगळ (तिथं हल्ली नातू झोपतो). छातीवर काडतुसं खोचायच्या बारा नळ्या. त्यात पेन, कंगवा, चुन्याची डबी, उदबत्त्या आणि २००० सालानंतर एका नळीत मोबाइलची एरियल. पाठीमागं मारलेला ससा टाकायचा मोठा खिसा. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना चपला याच खिशात घालतात, त्यामुळे चपला चोरीला जाण्याचं प्रमाण कोटधारी भाविकांत शून्य आहे. सशांच्याही काही तक्रारी नाहीत.

पण कोटाची खरी थोरवी त्याच्या हमीत आहे. आतल्या बाजूला चिठ्ठी शिवलेली असते: ‘वन्य जनावराचे सुळे, शिंग अथवा नख लागून कोट फाटल्यास तीस वर्षांपर्यंत नवा कोट विनामूल्य. (कुत्रा, म्हैस अथवा मेहुणा यांनी फाडल्यास हमी लागू नाही.)’ इतर दुकानदार शिलाईची, रंगाची, चेनची हमी देतात आणि गोत्यात येतात. रामलिंगांनी नेमकी अशा गोष्टीची हमी दिली जी घडली तर गिऱ्हाईक तुरुंगात जाईल. कळंब्याचा तुरुंग जवळ असल्यामुळे गिऱ्हाइकाला ही अट समजायला जड जात नसे. दुकानाच्या हिशेबानं २००४ पर्यंत विकलेले कोट चार हजारांवर. परत आलेले कोट शून्य. गिऱ्हाइकांनी मारलेली जनावरं, त्यात एक मांजर धरून, एक.

एका कोटामागं एक ‘शिकारी घराणं’ धरतात. ही घराणी एका दिवशी शिकारीला निघाली असती, तर जनावरांना टोकन देऊन उभं करावं लागलं असतं.

हंबीररावांचं घराणं यातलंच. ऊस, चार म्हशी, आणि वडिलांनी घेतलेला कोट. त्यांची मुलगी संयोगिता बी.एस्सी. झालेली, आणि राधानगरीकडच्या विजयसिंहांच्या मुलाचं स्थळ तिला सांगून आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. तो संयोगिताला पसंत होता (तिला कुणी विचारलं नसल्यामुळे याची नोंद नाही). विजयसिंहांची अट एकच होती: घराणं शिकारी पाहिजे. मध्यस्थाकरवी निरोप आला, ‘वडिलांचा फोटो पाठवा. कोटातला. रानातला.’

बावड्यात रान नाही. ऊस आहे. हंबीररावांनी फोटोग्राफर बाळासोला घेतलं आणि सकाळीच स्वतःच्या उसात गेले.

“काका, जरा आत सरका,” बाळासो म्हणाला. “पाण्याच्या मोटारीची पेटी येतीया फोटूत.”

“हितं बरा हाय की उजेड.”

“उजेड बरा हाय, पर रान वाटत न्हाय. अजून आत जावा.”

“अजून आत गेलो तर आकारामच्या उसात जाईन की रं.”

“जावा की. उसावर काय नाव लिवलंय?”

शेजारच्या आकारामच्या उसात, हंबीरराव मिशीला पीळ देत असताना, रानडुक्कर बाहेर आलं. जिल्ह्यातल्या चार हजार कोटांपैकी ज्या कामासाठी कोट शिवतात त्या कामाला पोचलेला हा एकमेव कोट. हंबीररावही पळाले नाहीत. (ऊस दाट होता हे एक कारण, पण न पळणं ते न पळणं.) डुकरानं डाव्या बाजूनं सुळा घातला आणि कोट, विजार व मांडी या क्रमानं फाडत ते निघून गेलं. बाळासोच्या कॅमेऱ्यात पुढं पाच फोटो निघाले: एक मोटारीच्या पेटीचा, एक हंबीररावांच्या मिशीचा, आणि तीन बाळासोच्या स्वतःच्या पळत्या पायांचे.

दवाखान्यात हंबीरराव डॉक्टरांना म्हणाले, “आधी कोटाचं बघा.” डॉक्टर म्हणाले, आपण खाकी शिवत नाही.

मग भरपाईसाठी ते लंगडत संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी अत्यंत सहानुभूतीनं दोन शक्यता पुढं ठेवल्या. डुक्कर आलं नसेल, तर पंचनामा कशाचा? आणि आलं असेल, तर शिकारी कोट घालून आपण दुसऱ्याच्या उसात काय करत होता? हंबीररावांनी थोडा विचार केला आणि डुक्कर आलं नसल्याचं मान्य केलं.

राहिली हमी. दुकानात आता थोरल्या रामलिंगांचे चिरंजीव शशिधर बसतात.

“बर्री हंबीरराव, या, बसा,” ते म्हणाले, आणि फाटलेला कोट मांडीवर घेऊन मयताच्या घरी बसावं तसे बसले. चीर बोटानं चाचपून म्हणाले, “हे फाटलंय.”

“व्हय.”

“आपला कोट फाटत न्हाय ओ.”

“डुकरानं फाडलाय. मांडी बी फाडलीया.”

“मांडीचं मी काय बोलत न्हाय, मांडी आपली न्हवं. कोटाचं बोलतोय. अप्पांच्या वेळेपासनं एक बी कोट परत आलेला न्हाय. तुमचा घेतला तर हमी काय राहिली?”

“मग हमी कशाला दिलीसा?”

“लोकांनी इश्वास ठेवावा म्हणून,” शशिधर म्हणाले. “तुम्ही तर वापराय लागलासा.”

फोटो निघाला नव्हता, त्यामुळे कोट समक्ष बघायला आठ दिवसांवर पाहुणे येणार होते. शेवटी असं ठरलं की शशिधरांनी नवा कोट द्यायचा आणि हंबीररावांनी शब्द द्यायचा: कोट फाटला नाही, बदलला नाही, हा तोच वडिलांचा कोट. बेल शशिधरांनी देव्हाऱ्यातून काढला, भंडारा हंबीररावांच्या पाकिटात होता. दोन्ही हातांत घेऊन हंबीररावांनी बेलभंडार उचलला. जुना कोट परसातल्या चुलीत गेला (जळायलाही वेळ लागला, कापड उत्तम होतं).

“शिकारी माणूस शब्द मोडत न्हाय,” शशिधर म्हणाले. हंबीररावांना तोंडावर शिकारी म्हणणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे त्यांचे डोळे भरून आले.

पाहुणे आले. विजयसिंहही रामलिंगच्या कोटात होते, आणि त्यांच्या कोपराला एक जुनी, नीट जपलेली चीर होती. (ती एस.टी.च्या दाराच्या खिळ्याची होती. ते बोलले नाहीत, कुणी विचारलं नाही. घराणी अशीच टिकतात.) दोन वडील दोन खाकी कोटांत घाम गाळत समोरासमोर बसले. मुलगा मध्ये पोहे खात होता.

“कोट नवा दिसतोय,” विजयसिंह म्हणाले.

“जपून वापरलाय. वडलांचा हाय.”

“शिकाऱ्याचा कोट असा असतोय व्हय? ह्यो बघा माझा.” त्यांनी कोपर पुढं केलं. “तुमच्यावर कधी जनावर आलतं का न्हाय?”

हंबीररावांनी कोटाचं टोक मांडीवर ओढून घेतलं. जिल्ह्यात कोट घालून बसलेल्या सगळ्या माणसांत हा प्रश्न फक्त त्यांनाच विचारण्यासारखा होता, आणि उत्तर द्यायची मनाई फक्त त्यांनाच होती.

संयोगिता चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. “आलतं की. पंधरा दिस झालं. डुकरानं मांडी फोडलीया आबांची. पट्टी रोज मी बदलतीया.”

“संयोगिता, आत जा.”

“बेलभंडार तुम्ही उचललाय, आबा. मी न्हाय.”

विजयसिंहांनी पुढं वाकून कोट पाहिला. मांडीपर्यंत लांब. कुठं टाका नाही, डाग नाही. “कोट घातला हुता?”

“व्हय,” संयोगिता म्हणाली.

“ह्योच?”

संयोगितानं वडिलांकडं पाहिलं. “आबा, सांगा की.”

हंबीररावांनी कपाळावरचा घाम पुसला. “ह्योच,” ते म्हणाले. “रामलिंगचा कोट फाटत न्हाय.”

“मग डुक्कर काय बटनं काढून आत शिरलं व्हय?”

“जखम बघा पायजे तर,” संयोगिता म्हणाली.

“बाई, मांडीला विळा बी लागतोय,” विजयसिंह उठत म्हणाले. “माणूस खोटं बोलंल. कोट कशाला बोलंल?”

लबाड घरात सोयरीक करायची नाही, असं ते उंबऱ्यातच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणाले. मुलानं मागं वळून दोनदा संयोगिताकडं पाहिलं. पण गाडीची किल्ली वडिलांकडं होती.

ही हकिकत विजयसिंहांनी चार ठिकाणी थट्टा म्हणून सांगितली आणि ती शशिधरांपर्यंत पोचली. शशिधरांनी काही शपथ घेतलेली नव्हती. आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला: ‘डुकरानं मालक फाडला. कोट तसाच. रामलिंग.’ त्या हंगामात दुकानाला दोन कारागीर वाढवावे लागले. एक कोट खुद्द विजयसिंहांनी नेला, कारण त्यांचा जुना कोपरात फाटलेला होता आणि आता तसा बरा दिसेना.

बाजारातून येताना संयोगिता फ्लेक्सखाली थांबली. हंबीरराव काठी टेकत शेजारी उभे राहिले.

“आबा, नाव बी न्हाय तुमचं,” ती म्हणाली.

“असू दे. अक्षर झ्याक काढलंय.”

मुलाचं लग्न वैशाखात दुसऱ्या मुलीशी झालं. फोटोत नवऱ्याकडचे सगळे कोटात आहेत.

ही हकिकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकानं शेवटी एकच विचारलं: दुकान नेमकं कुठल्या बोळात? आपल्याही मनात तो प्रश्न मघाशीच, बहुधा हमीच्या चिठ्ठीपाशी, येऊन गेला असेल; त्यात संकोच नको, कोट खरोखर चांगला आहे. सबब सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, पत्ता हवा असल्यास प्रथम कसबा बावड्यास समक्ष यावे, संयोगिताच्या देखत हंबीररावांची मांडी पाहावी, आणि तेथून थेट राधानगरीस जाऊन, अंगात कोणताही कोट न घालता, ‘हे डुकरानेच केले, मी पाहिले’ असे चारचौघांत स्वतःच्या नावानिशी सांगून यावे. विनंती मान्य होऊन तसे उलट टपाली कळावे.