शालनमावशींना रजा मिळते

पाळणाघर चालवणाऱ्या बाईने आजारी पडू नये, असा लेखी नियम कोल्हापुरात कुठेही नव्हता. तो लिहिण्याची वेळच कुणावर आली नव्हती. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीतल्या शालनमावशींना मात्र सन अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात बेंबीजवळ लिंबाएवढा गोळा दिसला आणि त्यांनी शहरातली सगळी व्यवस्था धोक्यात आणली.

गोळा दाबला की आत जायचा, पोर उचललं की बाहेर यायचा. मावशींकडे पोरं डझनभर. त्याला बिचाऱ्याला आत बसायला सवड मिळेना. नवरा भाऊसो इचलकरंजीत मागावर कामाला. पाळी संपली की घरी यायचा आणि आला की झोपायचा. पण पाळणाघरातल्या सार्थकची आई, डॉक्टर प्रीती, एका धर्मादाय दवाखान्यात शस्त्रक्रिया करायच्या. काखेत कळसा म्हणतात तो हाच. गावाला वळसा पुढे आहे.

सकाळी डॉक्टरांनी कायनेटिक चालूच ठेवून गोळ्याकडे बघितलं.

"हर्निया आहे, मावशी. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. ओपीडीत येऊन नीट दाखवा. आणि वजन अजिबात उचलायचं नाही हं," असं म्हणून त्यांनी सार्थकला मावशींच्या कडेवर दिलं आणि त्या गेल्या.

जिवावर बेतेल म्हटल्यावर मावशी खरोखरच घाबरल्या. सुदैवाने दवाखान्याच्या खिडकीत नंबर देणारी निशिगंधाही रोज संध्याकाळी यशराजला न्यायला यायची.

"ताई, डॉक्टरीणबाईंचा नंबर लावा की माझा."

"इथं नाही लावता येत, मावशी. खिडकीवर स्वतः यावं लागतं. दहा ते एक."

"तवा तुमच्या यशराजला भरवतो की मी."

"मग दुपारी तीन ते पाच."

"तवा त्याला झोपवतो."

"अवघड आहे," निशिगंधा हळहळली. "रविवारी तर आम्ही बंदच असतो. पण तब्येतीची हयगय करू नका."

शेवटी मावशींनी मंगळवारी पाळणाघर बंद ठेवायचं ठरवलं. तसं सगळ्या आयांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, आधी जीव महत्त्वाचा म्हणाल्या, आणि बुधवारी नक्की उघडणार ना, हे दोनदा विचारून घेतलं. मंगळवारी मावशी ठेवणीतलं पातळ नेसून दवाखान्यात पोचल्या. नंबराची खिडकी बंद. डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. दारात केरबा पहारेकरी तंबाखू मळत होता.

"आज काय न्हाय, पावणं. खिडकीवरच्या बाई रजेवर हायत. पोरगं सांभाळणारी बाई म्हणं कुटं दवाखान्यात गेलीया."

"आन् डॉक्टरीणबाई?"

"त्यास्नी बी त्येच झालंय," केरबा म्हणाला. "काय एकेक बाया असत्यात बगा! लोकांचा इचार म्हणून न्हाय."

मावशींना स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या खेपेला त्यांनी डोकं चालवलं. पाळणाघर बंद न ठेवता, सगळं पाळणाघरच टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. आता निशिगंधा खिडकीत होती आणि डॉक्टर खोलीत. यशराज खिडकीकडे बघून "आई!" म्हणून ओरडला. निशिगंधाने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"कामाच्या वेळेत आई म्हणायचं नाही. मावशी, लहान मुलांना ओपीडीत प्रवेश नाही. जंतुसंसर्ग होतो."

"मग काय करू?"

केरबाला दया आली. "आवो, पोरं कुटंतरी पाळणाघरात ठिऊन या की! शिकल्यासवरल्या बाया तसंच करत्यात."

टेंपो पोरांसकट परत फिरला.

त्याच आठवड्यात, सार्थकला पाळण्यातून काढताना गोळा बाहेर आला तो आत जाईचना. मावशी ओकल्या आणि जमिनीवरच बसल्या. शेजारच्या बायडाबाईंनी पोरांना आपल्या घरात कोंडलं, मावशींना रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. मरायला टेकलेल्या माणसाला नंबर लागत नाही, ही तिथली मोठी सोय. डॉक्टर प्रीतींनी तातडीने शस्त्रक्रिया केली आणि फार चांगली केली. मावशी वाचल्या. शुद्धीवर आल्यावर त्या रडल्या. आता पंधरा दिवस नुसतं पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तर हुंदके देऊन रडल्या. एवढं सुख त्यांना लग्नातही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधा शहाळं घेऊन आली. शहाळ्याबरोबर यशराज होता.

"मावशी, माझी रजा संपली हो. नाहीतरी तुम्ही पडूनच आहात. दुपारपर्यंत बघा. झोपतो तो."

"पोरांस्नी आत सोडत न्हाईत न्हवं?"

"ते ओपीडीत. वॉर्डात नातेवाइकाला बसता येतं. मी त्याला तुमचा नातेवाईक म्हणून लिहिलंय."

दहा वाजेपर्यंत मावशींच्या खाटेभोवती डझनभर नातेवाईक जमले. शेवटी राउंडला डॉक्टर प्रीती आल्या. टाके बघितले, नाडी बघितली, वजन उचलायचं नाही म्हणून पुन्हा बजावलं, आणि सार्थकला पायथ्याशी उभं केलं.

"तुम्ही उचलू नका हं, मावशी. तो आपला आपण चढतो."

संध्याकाळपर्यंत शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सुनेनेही आपली तान्ही पोर मावशींच्या उशाशी ठेवली आणि ती चहा प्यायला गेली.

हे वाचून तुम्ही हळहळला असाल. काय एकेक माणसं असतात, असंही म्हणाला असाल. ते म्हणून झालं असेल तर आता खरं सांगा, ही बाई आणखी एक पोर घेईल का, हेही मनात आलंच ना? वॉर्ड पहिल्या मजल्यावर आहे. भेटीची वेळ चार ते सहा. पोराचा डबा तेवढा सोबत द्या.